सड्यावरची गाडीवाट

पुणे, ११ नोव्हेंबर २००७

आबा,

आणि चिपळुणापर्यंत येऊन घरी आलो नाही हे तुम्ही वाडीभर सांगत फिरताय ते आधी बंद करा. आलो होतो. कंपनीच्या गाडीतून, पगारी कामावर. चिपळूण स्टँडसमोर मिसळ खाल्ली आणि माघारी फिरलो. पुढं यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवलं की मी सोडत नाही. हा गुण तुमचाच. तुम्ही अकरा वर्षं एका वाटेसाठी मामलेदार कचेरीत खेपा घालताय, मी सहा वर्षं आपल्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दोघांत हट्टी कोण ते आईला विचारा.

मागच्या पत्रात लिहिलंत, "सातवी नापास ड्रायव्हर, त्याला कंपनी कसली." मी नापास झालेलो नाही. मला सातवीतून काढलं. कोणी काढलं? शिवाकाकाच्या कातळाच्या सड्यावरून जाणारी आपली वाट बंद पडू नये म्हणून रोज सकाळी रिकामी बैलगाडी डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची. गाडीत ना शेण ना पेंढा. चाकं फिरली पाहिजेत, चार माणसांनी बघितलं पाहिजे, वहिवाट मोडता कामा नये. पोरं शाळेत जाताना विचारायची, "दादू, आज काय भरलंस, वारा?" चार वर्षं मी वारा वाहिला. मग पळालो.

आता तेच करतो, पण पगार घेऊन. आमच्या गाडीच्या टपावर एक डबी आहे. तिला उपग्रहाची खूण मिळते. गाडी जाईल तसे पडद्यावर ठिपके पडतात, ठिपक्यांचा रस्ता होतो. सगळे रस्ते जमले की ते एका छोट्या यंत्रात घालायचे आणि यंत्र गाडीच्या काचेपाशी लावायचं. मग ते ड्रायव्हरला सांगणार कुठं वळायचं. आपल्याकडच्या ड्रायव्हरांसाठी, मराठीतनं. आमचे सलिलसर मोठे इंजिनियर. त्यांनी आधी यंत्रात भरलं, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." टेम्पोवाल्यांना ऐकवलं तर ते हसायला लागले. एक म्हणाला, "दोनशे मीटर कोण मोजत बसणार, खाली उतरून? वडाकडनं की पंपाकडनं ते बोला." दुसरा म्हणाला, "माणसाला पत्ता विचारला तर तो तंबाखू तरी मळतो. ही यंत्रातली बाई काय देणार?" तेव्हा मी म्हटलं, सर, आपला माणूस अंतर मोजत नाही, खूण बघतो. वड, पंप, मोडकी मोरी, पांढरं देऊळ. ते भरा. आता यंत्र बोलतं, "वड सोडून डावीकडे." सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हे दादूचं डोकं.

आईच्या गुडघ्यांचं कळवा. तुमचं कळवलं नाहीत तरी चालेल.

दादू


पाटवाडी, पूर्णगड, २६ नोव्हेंबर २००७

चि. दादू यास,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला जाड आहे, पैसे असतील. फोडलं तर नुसता माज निघाला.

तुझ्या आवशीचे गुडघे गेले. गेल्या मंगळवारी तिला खुर्चीत बसवून चार माणसांनी पाखाडी चढवली. एकशे बेचाळीस पायऱ्या, सगळा चिरा शेवाळलेला. वर रस्त्यावर रिक्षा उभी. मध्ये दम खायला खुर्ची टेकली तेव्हा सामनेवाला आपल्या आंब्याच्या कलमांत उभा राहून बघत होता. त्याला शिवा म्हणायचं मी सोडलं आहे. चुलतभाऊ तो सात-बाऱ्यावर, बाकी सामनेवाला. त्याच्या सड्यावरची आपली गाडीवाट मोकळी असती तर रिक्षा खळ्यात आली असती आणि तुझी आवस चार परक्यांच्या खांद्यावर लाजून मेली नसती.

तुला रिकामी गाडी फिरवल्याचं दुःख आहे. त्या चाकांवर तर दावा उभा आहे. तू पळालास, दुसऱ्या महिन्यात त्याने वाटेच्या तोंडाशी आडवे बांबू घालून बेडं केलं आणि कैफियतीत लिहून दिलं, "अशी वाट अस्तित्वात नाही व कधी नव्हती." आपले दोन साक्षीदार वारले. तिसरा हल्ली त्याच्याच बागेत आंबे काढायला जातो. दावा पडला तर तो तुझ्यामुळे पडला असं मी समजेन.

आता कामाचं. तुझ्या नकाशात आपली वाट येते का? उपग्रह म्हणजे वरचं सरकार. त्याने वाट बघितली म्हटल्यावर मामलेदार काय बोलणार? वाट त्यात घाल, छापून घे, शिक्का मारून पाठव. बापाचं एवढं एक काम कर. मग घरी नाही आलास तरी माझं काही म्हणणं नाही.

भागोजी


पुणे, ६ जानेवारी २००८

आबा,

उपग्रह म्हणजे सरकार नव्हे. त्याला तुमचा दावा माहीत नाही, शिवाकाका माहीत नाही. तो फक्त डबी कुठं आहे ते सांगतो. पण कंपनीचा शिक्का मिळेल. मामलेदार मानेल की नाही देव जाणे. मला मात्र शिवाकाकाचं पडलेलं तोंड बघावंसं वाटतंय, म्हणून करतो. तुमच्यासाठी करत नाही हे लक्षात असू द्या.

आमच्यात नियम आहे. ज्या रस्त्यावरून डबीची गाडी गेली तोच रस्ता घ्यायचा. मी काही तिकडे येणार नाही. पण आणखी एक सोय आहे. ज्याने रस्ता पायाखाली घातला आहे त्याने पडद्यावर काढायचा आणि तिथं राहणाऱ्या एका माणसाने फॉर्मवर सही करायची की हो, असाच आहे. काढायचं काम मी रविवारी केलं. डोळे मिटूनसुद्धा काढली असती. डांबरी सोडल्यावर जुना आंबा, मग कातळ, मग करवंदीची जाळी, तिथं ढवळ्या बैल रोज थांबायचा आणि मी रोज त्याला शिव्या घालायचो. मग उतार, मग आपलं खळं. सलिलसर मागे उभे होते. म्हणाले, "दादू, तुला हे इतकं पाठ कसं?" मी म्हटलं, शाळेत हाच एक विषय होता.

सोबत फॉर्म आहे. मला जाऊन सहा वर्षं झाली. सड्यावर काय फरक पडला असेल तर सरळ लिहा. पाचवा प्रश्न नीट वाचा, अडथळ्याचा. या यंत्राच्या भरवशावर परका माणूस गाडी घालतो आबा, त्याला विचारायला जवळ कोणी नसतं. दावा कचेरीत लढा, फॉर्मवर लढू नका.

आईसाठी गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं आहे. गरम करून चोळायचं.

दादू


पाटवाडी, २० जानेवारी २००८

चि. दादू यास,

फॉर्म सही करून परत पाठवत आहे. बापाला कायदा शिकवू नकोस. मी कागदावर सही करायला लागलो तेव्हा तू रांगतही नव्हतास.

लिहिलं आहे ते असं. रुंदी, बैलगाडी व जीप जाईल इतकी. जमीन, कातळ व मुरूम. बारमाही आहे काय, आहे. वापर, वंशपरंपरागत. पाचवा प्रश्न, वाटेत खड्डा, पाणी, बांधकाम वा अन्य अडथळा, नाही.

सड्यावरची वाट आहे तिथंच आहे. सामनेवाल्याने मध्यंतरी काही केलं असेल तर ते बेकायदेशीर आहे, आणि जे बेकायदेशीर आहे ते मी कबूल करत नाही. मी कागदावर कबूल केलं की दावा संपला. वकील हेच सांगतो.

तेल मिळालं. तुझी आवस म्हणाली, तेल पाठवतो, स्वतः येत नाही. मी म्हटलं, तेलाचा उपयोग तरी होतो.

भागोजी


पुणे, २२ जून २००८

आबा,

घ्या तुमची वाट. सोबतचा कागद नीट उलगडा, घडीवर शाई पुसेल. पूर्णगडाकडून डांबरी येतो, त्यातून ही बारीक पिवळी रेघ फुटते ती आपली. खाली कंपनीचा गोल शिक्का. परवा सरांनी यंत्र टेबलावर ठेवलं, मी पाटवाडी घातली. यंत्र बोललं, "जुना आंबा सोडून उजवीकडे. सरळ जा." सगळं ऑफिस आपापलं काम करत होतं. मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

यंत्रं दुकानात जायच्या आधी एकदा प्रत्येक तालुक्यात गाडी फिरवून तपासायचं आहे. ऑगस्टमध्ये रत्नागिरी, पूर्णगड, मग नाटे. सर म्हणाले, दादू, तुझा मुलूख, तूच जा. मी नाही म्हटलं. माझ्याऐवजी रामा येतोय. रामा आमच्यातलाच ड्रायव्हर, माझ्या खोलीत राहतो, सांगोल्याकडचा. गेल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा याने माझी भांडी, कपडे, सगळं केलं. तुम्ही पत्रसुद्धा पाठवलं नव्हतं. दुष्काळातला माणूस आहे, पाऊस बघायचा म्हणून नाचतोय. त्याला जेवायला घाला, मासा द्या. काटे काढून द्या, नाहीतर घशात अडकवून घेईल.

त्याला शिवाकाकाचं सांगून ठेवलं आहे. बेड्यापाशी एक भांडकुदळ माणूस आडवा येईल, रस्ता नाही म्हणेल, त्याचं ऐकू नकोस, म्हटलं. रामा हसला. म्हणाला, आमच्याकडे पण बांधाला बांध असला की असंच.

दादू


पाटवाडी, १९ ऑगस्ट २००८

चि. दादू यास,

दावा जिंकल्यात जमा आहे. तुला प्रथम मी कळवतो आहे.

परवा पोलिसांनी सड्यावर येऊन पंचनामा केला. त्याची नक्कल मी मिळवली. त्यात फौजदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, "सदर इसम आपले ताब्यातील वाहन सदर रस्त्याने घेऊन जात असता." रस्त्याने! कातळावरून नव्हे, मालकीच्या जमिनीतून नव्हे. मी तुझा शिक्क्याचा कागद त्याच्यापुढे धरला, त्यावरून त्याने लिहिलं. अकरा वर्षं जो शब्द एकाही कारकुनाने लिहिला नाही तो सरकारी कागदावर आला. वकील म्हणाला, भागोजी, आता पेढे आणा.

सामनेवाल्याने तीन वर्षांपूर्वी चिरे विकायला आपल्या वाटेच्या मधोमध खाण खणली आहे. वीस फूट खोल. पावसात काठोकाठ भरते, वर शेवाळ धरतं, भोवती गवत. लांबून सड्यासारखीच दिसते. गाडी त्यात गेली. कुंपण नाही, पाटी नाही, त्यामुळे गुन्हा त्याच्यावर दाखल होणार. त्याची बायको काल आपल्या खळ्यात येऊन रडत होती. मी बसायलासुद्धा सांगितलं नाही. हे खाणीचं तुला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तुझ्या सरांनी वाट घेतली नसती.

तुझ्या रामाचं म्हणशील तर तो जिवंत आहे. मी त्या वेळी गोठ्यात होतो. आवाज आला म्हणून धावलो, तोवर सामनेवाल्याने उडी टाकून त्याला वर काढलं होतं. हे तो आता गावभर सांगतो. माणूस काढला म्हणून खाण त्याची नाही असं होत नाही. रामाला रत्नागिरीला नेलं, तिथून पुण्याला नेल्याचं ऐकलं. बरा झाला की त्याला साक्षीला आणावं लागेल. मी रस्त्यानेच चाललो होतो, एवढं एक वाक्य. ते त्याला नीट समजावून ठेव.

तुझी आवस माझ्या पानात वाढते आणि आत जाते. त्या दिवसापासून बोललेली नाही. होईल सरळ.

भागोजी


पुणे, १० सप्टेंबर २००८

आबा,

तुमचं एक वाक्य मी रामाला सांगितलं. तो म्हणाला, सांगेन की, त्यात काय, रस्त्यानेच चाललो होतो.

रामाचा कणा मोडला आहे. कमरेखाली काही नाही. डॉक्टर अंगठ्याला सुई टोचतात आणि रामा त्यांच्या तोंडाकडे बघतो, टोचली की नाही ते कळायला. तो चोवीस वर्षांचा आहे. त्याला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. त्याची आई सांगोल्याहून आली आहे. ती त्याला कुशीवर वळवते आणि पाठ पुसते.

तुम्ही गोठ्यात नव्हतात.

रामाने मला सगळं सांगितलं. दुपारचे चार वाजले होते. पाऊस होता पण दिसत होतं. गाडी बेड्यापाशी थांबली तेव्हा तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन तिथंच उभे होतात, आणि शिवाकाका दगडी गडग्याच्या पलीकडे. रामाने काच खाली केली. शिवाकाका ओरडला, "अरे इकडनं कुठं घालतोस? पुढं खाण आहे, मरशील मेल्या!"

तुम्ही म्हणालात, "अकरा वर्षं हा हेच बोलतोय. तुझ्या यंत्रात काय दाखवतंय?"

"यंत्रात सरळ आहे, काका."

"मग सरळ जा."

शिवाकाका म्हणाला, "भागोजी, तुझ्या पाया पडतो, पोराला सांग. दावा तू घे, पण त्याला सांग."

तुम्ही म्हणालात, "बघ, आता दावा देतोय. म्हणजे वाट आहे."

आणि तुम्ही बेडं काढलंत. एकेक बांबू. रामा म्हणतो, म्हातारा माणूस माझ्यासाठी पावसात भिजत बांबू ओढतोय हे बघून मला लाज वाटली, मी उतरलो आणि हात लावला. दोघांनी मिळून काढलेत. तुम्ही त्याला म्हणालात, परतताना जेवूनच जायचं, घरात बांगडे आहेत. शिवाकाका गडगा चढून धावत आला तेव्हा रामाने काच वर घेतली. मीच सांगितलं होतं ना, त्याचं ऐकू नकोस म्हणून.

रामाला अजून वाटतं की शिवाकाकाचं बोलणं तुम्हालाही खोटंच वाटलं, खाण तुम्हाला माहीत नव्हती. काल मला म्हणाला, "तुझे वडील चांगले आहेत रे, त्यांना बिचाऱ्यांना किती वाईट वाटत असेल." मी त्याच्या खाटेचा दांडा धरून उभा होतो. त्याची आई म्हणाली, तू का रडतोस, तुझा काय दोष?

दोष सांगतो. फॉर्मवर तुमच्या सहीखाली माझी सही आहे, "रस्ता मी स्वतः पाहिलेला आहे." सहा वर्षांपूर्वी पाहिलेला, हे मी लिहिलं नाही. तो फॉर्म मी सलिलसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. हिशेब करून जा, म्हणाले. जायच्या आधी त्यांच्या मशिनीवर मी उभ्या उभ्या ती पिवळी रेघ पुसली. एक बोट लागतं आबा. यंत्रात आता डांबरी सरळ पुढं निघून जातो, आपल्या घराकडे काही फुटत नाही.

मग पोलिसांत जबाब लिहून दिला. तिथं रस्ता नाही, मधोमध खाण आहे, माझ्या वडिलांना ती माहीत होती, मीही न बघता खोटी रेघ काढली. जबाब रत्नागिरीला गेला आहे. तुमच्या वकिलाला एक नक्कल पाठवली, मामलेदाराला एक, आणि शिवाकाकाला रजिस्टरने एक. म्हणजे तुमचा दावा बुडाला. हे रागाच्या भरात झालेलं नाही. तीन दिवस विचार केला. आई मरेपर्यंत खुर्चीतून ती पाखाडी चढणार, हे मला माहीत होतं, आणि तरी मी पाकिटावर तिकीट लावलं. तिला हे तुम्ही वाचून दाखवा. दाखवणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून तिकडच्या पोस्टमनला वेगळी चिठ्ठी पाठवली आहे, तो तिला वाचून दाखवेल.

आता तुम्ही इकडे यायचं. रामाच्या खाटेपाशी बसायचं आणि खाण तुम्हाला माहीत होती हे त्याला तुमच्या तोंडाने सांगायचं. त्याच्या आईसमोर. तिथं मामलेदार नसेल, वकील नसेल, शिवाकाका ऐकत नसेल. तिथं कबूल केल्याने कुठलीही वाट बंद पडत नाही. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहीन, आत येणार नाही. सांगून झाल्यावर ती बाई तुम्हाला पाणी विचारते की चप्पल काढते ते तुमचं तुम्ही बघायचं. नाही आलात तर मी त्याला सांगेन, आणि मग त्याचा भाऊ तुमच्याकडे येईल. तो माझ्यासारखा पत्रं लिहीत बसणारा नाही.

रत्नागिरीहून सकाळची गाडी धरा, म्हणजे संध्याकाळी भेटीच्या वेळेत पोचाल. परत कसं जायचं ते मी बघणार नाही. एका माणसाचं, एका बाजूचं एसटीचं भाडं आजच्या मनीऑर्डरने पाठवतो आहे, रुपये दोनशे सोळा.